खान्देशात जागा घेऊन परसात कोंबड्या पाळायच्या आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांत गावाकडे घर किंवा जमिनीचा तुकडा घेऊन दहा-वीस कोंबड्या पाळू इच्छिणाऱ्यांसाठी हे पान आहे. आमचा आग्रह क्रमाचा आहे: आधी कागद, मग हद्द आणि पाणी, मग खुराडं, आणि सगळ्यांत शेवटी पिल्लं. हा क्रम उलटला की नुकसान पैशाचंही होतं आणि मुक्या जिवांचंही.

माझ्या नावावर शेती नाही. मला कोणती जागा घेता येईल?

गावठाणातलं घर किंवा रीतसर बिनशेती झालेला प्लॉट. शेतजमीन घ्यायची तर महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ प्रमाणे घेणारा शेतकरी असावा लागतो. स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या सात-बारावरून ते सिद्ध होतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची वाट कायद्यात आहे, पण दहा कोंबड्यांसाठी त्या वाटेला जाऊ नये. तेवढ्यांना गावठाणातलं दीड-दोन हजार चौरस फुटांचं परस भरपूर होतं.

शेतकरी असाल तरी 'पाच गुंठे तोडून देतो' या बोलण्याला भुलू नका. तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा नुसत्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतला, तर सात-बारावर तुमचं नाव लागत नाही. विकणारा गेल्यावर त्याची मुलं 'जमीन आमचीच' म्हणून दारात उभी राहतात.

सात-बाऱ्यावर नेमकं काय बघायचं?

पहिली नजर भूधारणा पद्धतीवर टाका. 'भोगवटादार वर्ग १' असेल तर जमीन विकण्यावर सहसा बंधन नसतं. 'वर्ग २' असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार करता येत नाही. वतनाच्या, सिलिंगमध्ये (जमीन-मर्यादा कायद्याखाली) वाटलेल्या आणि प्रकल्पग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी बहुधा या वर्गात असतात. तापी, गिरणा आणि नर्मदेच्या प्रकल्पांमुळे आपल्याकडे अशा जमिनी कमी नाहीत.

दुसरी नजर मालकाच्या जमातीवर. नंदुरबार जिल्ह्यात, साक्री-शिरपूरच्या पट्ट्यात आणि चोपडा, यावल, रावेरच्या सातपुडा पायथ्याला हा प्रश्न हमखास येतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ प्रमाणे मंजुरी लागते. विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांना शासनाचीही पूर्वमान्यता घ्यावी लागते. 'करारनामा करून ताबा घ्या, पुढचं पाहून घेऊ' असं कोणी सुचवलं तर तिथेच थांबा. अशी जमीन मूळ मालकाला परत जाऊ शकते. तसं होणं योग्यही आहे, कारण फसवून गेलेल्या जमिनी वाचवण्यासाठीच ही तरतूद केली आहे.

तिसरी नजर 'इतर हक्क' या रकान्यावर. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुळाचं नाव, बहिणींची नावं तिथे दिसतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क आहे. बहिणींची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर खरेदी करू नका, भाऊ कितीही खात्री देवोत. सोबत ८अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा), मागचे सगळे फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) आणि गट नकाशा घ्या, आणि वकिलाकडून किमान ३० वर्षांचा शोध अहवाल करून घ्या.

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर विकणाऱ्याचं नाव आहे. तेवढं पुरेसं आहे का?

नाही. नमुना ८ हा घरपट्टी आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत आता मिळकत पत्रिका आणि सनद मिळते. ती मागा. ती निघालेली नसेल तर आधीचं खरेदीखत, वाटणीपत्र आणि वारसनोंद तपासा. बारीक बघायची गोष्ट म्हणजे परस. घराच्या मागची, शेणखताचा खड्डा असलेली जागा पुष्कळदा गावठाणाची किंवा भाऊबंदांची असते. तुम्ही घर घेताय ते त्या परसासाठी, म्हणून परसाची लांबी-रुंदी आणि चतुःसीमा खरेदीखतात लिहून घ्या.

मोजणी व्हायची आहे, पण ताबा मिळाला. खुराडं बांधू का?

पक्कं बांधू नका. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, हद्दीच्या खुणा लागू द्या. तोवर फारच घाई असेल तर ४ बाय ३ फुटांचं, दोन माणसांनी उचलून हलवता येईल असं लाकडी खुराडं करा आणि त्यात पाच तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) ठेवा. कुंपणाचा खांब शेजाऱ्याच्या हद्दीत एक फूट गेला तरी भांडण पिढीभर पुरतं.

जागा बघायला कधी जावं आणि काय विचारावं?

दोनदा जा: मे महिन्यात भर दुपारी आणि ऑगस्टमध्ये पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी. हिवाळ्यात खान्देशातलं कुठलंही परस सुंदरच दिसतं.

मे महिन्यात पाणी बघा. यावल-रावेरच्या केळी पट्ट्यात भूजलाचा उपसा इतका झाला आहे की जुन्या विहिरी कोरड्या आणि बोअर खोल गेले आहेत. नळाला पाणी किती दिवसांआड येतं, हे विकणाऱ्याला नव्हे, शेजारच्या घरातल्या बाईंना विचारा. दहा कोंबड्यांना एरवी रोज अडीच-तीन लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात पाच लिटर. शिवाय उन्हाळ्यात खुराड्याला बांधलेली पोती भिजवायला दोन-तीन बादल्या. साठवणीची टाकी नसेल तर तो खर्च किमतीत धरा. दुपारी तीनला परसात सावली कुठे पडते तेही पाहून ठेवा. पश्चिमेला निंब, चिंच किंवा आंब्याचं जुनं झाड असेल तर त्या जागेला थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

ऑगस्टमध्ये पाणी साचतं का बघा. काळ्या जमिनीत पाणी जिरायला वेळ लागतो आणि सततच्या ओलीने कोंबड्यांच्या पायांना आणि पोटाला रोग लागतात. नदीकाठची जागा असेल तर पूररेषेची चौकशी करा. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर-डोंगरीच्या पुराने चाळीसगाव तालुक्यात दारातली जनावरं वाहून नेली होती.

वीज कुठल्या फिडरवर (वीजवाहिनीवर) आहे, हेही विचारा. गावठाण फिडरवर घरगुती वीज बऱ्यापैकी टिकते. शेतातल्या घराला शेतीपंपाच्या फिडरवरून जोडणी असेल तर वीज पाळीने येते, आणि पिल्लांच्या बल्बसाठी तुम्हाला वेगळी सोय करावी लागते.

मालक घरासोबत कोंबड्याही देतो म्हणतो. घ्याव्यात का?

वय आणि लसी सांगता येत असतील तर घ्या, नाहीतर नको. घेतल्या तर त्या तिथेच राहू द्या आणि नवीन पिल्लं किमान तीन आठवडे वेगळी ठेवा.

कोणत्या जातीच्या आणि किती कोंबड्या घ्याव्यात?

चार माणसांच्या घराला आठ-दहा माद्या पुरतात. कोंबडा नसला तरी माद्या अंडी घालतातच, पिल्लं काढायची असतील तरच कोंबडा लागतो, आणि दहा माद्यांमागे एक पुरतो.

गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. अंडी कमी असली तरी ती उन्हात तगते, घार पाहून लपते आणि स्वतः रवण (अंडी उबवायला) बसते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची ग्रामप्रिया अंड्यांसाठी चांगली आहे, वर्षाला दीडशेच्या पुढे जाते. वनराज आणि बंगळुरूची गिरिराज अंगाने भरतात, पण जड असल्यामुळे उन्हाचा त्रास त्यांना आधी होतो. कडकनाथ आपल्या शेजारच्या झाबुआ भागातली, उष्णता सोसणारी जात आहे, पण अंडी कमी देते. पहिल्या वर्षी सहा गावरान आणि चार ग्रामप्रिया असं मिश्रण आम्हाला सगळ्यांत सोयीचं वाटतं. एक दिवसाची पिल्लं घेण्यापेक्षा सहा ते आठ आठवड्यांच्या, लस झालेल्या तलंगा घ्या. थोड्या महाग पडतात, पण ऊब देण्याचा अवघड काळ टळतो.

एक दिवसाचीच पिल्लं मिळाली तर?

पन्नास पिल्लांना १०० वॉटचा पिवळा बल्ब, पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं गोल कुंपण आणि खाली दोन इंच भुसा, वर पहिले तीन दिवस कागद. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंश तापमान ठेवा, पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करा. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली गर्दी केली तर थंडी आहे, कडेला पळून चोची उघडल्या तर उष्णता जास्त झाली आहे. एप्रिल-मेमध्ये दिवसा बल्ब लागतच नाही. खान्देशात पिल्लं आणायला सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम.

दहा कोंबड्यांचं खुराडं केवढं आणि कसं असावं?

आतून ६ बाय ४ फूट. पुढची उंची ६ फूट, मागची ५, म्हणजे वाकून झाडता येतं. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन आत शिरत नाही. काळ्या मातीवर थेट बांधू नका. उन्हाळ्यात ती भेगाळते, भेगांतून उंदीर आणि त्यामागे साप येतो, आणि पावसात फुगली की खांब कलतात. वरची माती फूटभर काढून दीड फूट मुरमाचा ओटा चोपून घ्या, त्यावर फरशी किंवा कोबा.

बाजूंना अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावा. षटकोनी कोंबडीजाळी स्वस्त असते, पण ती कोंबडी आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. जाळी जमिनीखाली एक फूट जाऊ द्या किंवा बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर दगड ठेवा. दाराला साधी कडी नको. कुत्रं ती नाकाने उचलतं, म्हणून खिट्टी अडकवता येईल अशी कडी घ्या. छप्पर बाजूंनी तीन फूट पुढे काढा.

बसायला दोन इंच जाडीचे लाकडी दांडे, जमिनीपासून दोन फुटांवर, एकाच उंचीवर, एकमेकांपासून फूट-सव्वा फूट अंतरावर. दर कोंबडीला नऊ इंच धरले तर चार फुटांचे दोन दांडे लागतात. दांडे वर-खाली लावले तर सगळ्यात वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी मारामारी होते. अंडी घालायला १२ इंचांची तीन खोकी, अंधाऱ्या बाजूला, दांड्यांपेक्षा खाली. वर ठेवली तर कोंबड्या त्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात.

जमिनीवर तीन-चार इंच लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची टरफलं पसरा, आठवड्यातून दोनदा खाली-वर करा. मूठ दाबली की गोळा झाला तर ओल जास्त आहे, तेवढा भाग काढून टाका. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या) भिंती स्वस्त पडतात हे खरं, पण त्यात उंदीर आणि गोचीड ठाण मांडतात, आणि गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाटी साठवू नये असं कृषी विभागही सांगतो.

मे महिन्यात पारा ४५ वर जातो. कोंबड्या कशा वाचवायच्या?

खान्देशात सगळ्यांत जास्त परसातल्या कोंबड्या याच महिन्यात मरतात, म्हणून हे नीट समजून घ्या. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकत ती अंगातली उष्णता बाहेर टाकते. तिच्या शरीराचं तापमान सुमारे ४१ अंश असतं. बाहेर ४४-४५ झालं की हवाच तिच्यापेक्षा गरम होते, आणि नुसता पंखा लावला तर तो गरम झोत मारतो. अशा वेळी बाष्पीभवनच उपयोगी पडतं, आणि आपली कोरडी हवा त्याला फार अनुकूल आहे. पश्चिम आणि दक्षिण बाजूला गोणपाट बांधा आणि सकाळी ११ ते ५ दर तासाला भिजवा. आतलं तापमान चांगलं उतरतं. मात्र जूनमध्ये हवा दमट झाली की हे बंद करा, तेव्हा ओल उलट गुदमरवते.

पत्र्यावर चुन्याचे दोन हात द्या आणि वर चार-सहा इंच कडबा किंवा पाचट पसरून तारेने बांधा. खाद्य सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर द्या. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि नऊ-दहाला खाल्लं तर तिचा जोर नेमका भर उन्हात येतो. पाणी मातीच्या कुंड्यांत, सावलीत, दोन ठिकाणी ठेवा आणि दुपारी एकदा बदला. पाण्यात पाकिटावरच्या प्रमाणात इलेक्ट्रोलाइट द्या. प्लॅस्टिकच्या पाइपमधलं पहिलं पाणी उकळत आलेलं असतं, ते सोडून द्या.

कोंबडी पंख पसरून, मान टाकून बसली तर तिचे पाय आणि तुरा साध्या पाण्यात भिजवा, सावलीत ठेवा, चोचीत थेंब थेंब पाणी सोडा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. उन्हाळ्यात कवचं पातळ होणं स्वाभाविक आहे. धापांमुळे रक्तातला कर्बवायू कमी होतो आणि कवच घडायला लागणारा कार्बोनेट पुरत नाही. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा.

खाद्य घरचं चालेल का? सरकीची ढेप स्वस्त मिळते.

मोठी कोंबडी रोज १०० ते १२० ग्रॅम खाते. परसात दिवसभर चरत असेल तर ५०-६० ग्रॅम वरून द्यावं. दहा किलोचं मिश्रण असं: मक्याचा भरडा ५ किलो, ज्वारी-बाजरीची कणी दीड किलो, सोयाबीन ढेप २ किलो २०० ग्रॅम, भाताचा किंवा गव्हाचा कोंडा ६०० ग्रॅम, शिंपला चुरा अर्धा किलो, खनिज मिश्रण १५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. पिल्लांना हे नको. त्यांना आठ आठवडे तयार चिक मॅशच द्या, कारण शिंपल्यातलं जास्तीचं कॅल्शियम त्यांचे मूत्रपिंड बिघडवतं.

सरकी आणि सरकीची ढेप गाई-म्हशींसाठी ठीक, अंड्यावरच्या कोंबडीला नको. तिच्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. त्याने कोंबडीला अपाय होतो आणि अंडी काही दिवस ठेवली की बलक हिरवट-तपकिरी पडतो. मक्यावर हिरवी-काळी बुरशी दिसली, कुबट वास आला, तर ती धुऊन किंवा वाळवून देऊ नका, टाकून द्या. बुरशीचं विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, उन्हात वाळवून जात नाही. पावसाळ्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्त भरडा दळून ठेवू नका.

चारही बाजूंनी कपाशी आणि केळी आहे. कोंबड्या मोकळ्या सोडू का?

फवारणीच्या दिवसात नाही. केळीच्या बुंध्याशी टाकतात ते कार्बोफ्युरानचे दाणे पक्ष्यांना अत्यंत विषारी असतात, आणि कोंबडी ते दाणा समजून टिपते. पेरणीला आणलेलं रंगीत, औषध चोळलेलं बियाणं तसंच. खरेदीआधीच शेजारच्या शेतकऱ्याशी बोला: फवारणीच्या आदल्या दिवशी सांगा, आम्ही कोंबड्या कोंडू. आणि जूनमध्ये त्याची लागवड झाल्यावर उगवण होईपर्यंत आपण होऊन कोंबड्या आत ठेवा, कारण सरीतलं बी उकरून खाण्यात त्या पटाईत असतात. परसाला पाच फुटांचं जाळीचं कुंपण आणि दर कोंबडीमागे किमान दहा चौरस फूट जागा असेल तर दोन्ही बाजूंची काळजी मिटते.

लसी कोणत्या आणि कधी?

मॅरेक्सची पहिल्या दिवशी हॅचरीतच होते. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (मानमोडीची लस), डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस पंखाच्या पडद्यात, आणि आठ ते दहा आठवड्यांत मानमोडीची आर-टू-बी, कातडीखाली अर्धा मिली. मानमोडी म्हणजेच राणीखेत. मान पिरगळते, हिरवी हगवण लागते, आणि त्यावर औषध नाही. गावातल्या साथी बहुतेक याच रोगाच्या असतात.

लस २ ते ८ अंशांत, बर्फाच्या डब्यातून आणा. मिसळल्यावर दोन तासांत संपवा. खिशातून आणलेली लस देणं म्हणजे पाणी देणं. बाटली शंभर डोसांची असते, म्हणून गल्लीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या एकाच संध्याकाळी करून घ्या. त्यात तुमचाही फायदा आहे, कारण साथ शेजारच्या खुराड्यातूनच येते. लस फक्त निरोगी कोंबडीला द्यावी. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

नवापूरकडे जागा बघतोय. बर्ड फ्लूची भीती किती?

देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरलाच नोंदला गेला आणि २०२१ मध्येही तिथे पोल्ट्र्यांमध्ये तो आला होता. याचा अर्थ तिथे कोंबडी पाळूच नये असा नाही. पण बाधित क्षेत्र जाहीर झालं की एक किलोमीटरच्या आतले परसातले पक्षीही नष्ट केले जातात, भरपाई शासन देतं. म्हणून मोठ्या शेडपासून जितकं लांब तितकं बरं. पोल्ट्रीतली रिकामी पोती, जुना भुसा किंवा स्वस्तात काढलेल्या म्हाताऱ्या कोंबड्या घरी आणू नका. घरातलं कोणी पोल्ट्रीत कामाला असेल तर घरी कोंबड्या ठेवू नयेत. एकाएकी चार-पाच पक्षी मेले तर पुरून मोकळं न होता दवाखान्यात कळवा.

पावसाळ्यात पिल्लांना रक्ताची हगवण लागते, रात्री कोंबड्या अस्वस्थ असतात. कारण काय?

हगवण बहुधा कॉक्सिडिया या परजीवीची. ओल्या भुशात तो वाढतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने अँप्रोलियम द्या आणि त्याच दिवशी ओला भुसा बदला, नाहीतर औषध फुकट जातं. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी.

रात्रीची तळमळ बहुतेक वेळा गोचिडीची. ती दिवसा मातीच्या भिंतीतल्या आणि लाकडाच्या फटींत लपते आणि रात्री रक्त पिते, म्हणून कोंबडीच्या अंगावर दिवसा काही सापडत नाही. तुरा पांढुरका पडतो, अंडी घटतात. धाब्याच्या जुन्या घराच्या भिंतीला लागून खुराडं केलं असेल तर आधी तिथे बॅटरी लावून शोधा. फटी लिंपून घ्या, चुना मारा, दांडे काढून उकळतं पाणी ओता. कोंबड्यांना लोळायला राख आणि बारीक मातीचा खड्डा ठेवा.

अंडी अचानक कमी झाली. रोगच असेल का?

आधी कुंपणाकडचं गवत आणि कडब्याची गंजी शोधा, कोंबडी चोरून अंडी घालत असेल. हिवाळ्यात दिवस लहान होतो, चौदा तासांपेक्षा कमी उजेडात अंडी घटतात. पिसं झडत असतील तर दोन महिने धीर धरा. खुडूक झाली असेल आणि पिल्लं हवी असतील तर सात दिवसांच्या आतली दहा-बारा अंडी देऊन तिला रवण बसवा, २१ दिवसांत पिल्लं निघतात.

बिबट्या येतो म्हणतात.

सातपुड्याच्या पायथ्याला, चाळीसगावच्या डोंगराकडे, शहाद्याच्या उसात येतो. कोंबड्यांपेक्षा त्याचा डोळा कुत्र्यावर आणि बकरीवर असतो, पण उघड्यावर झोपलेली कोंबडी तो सोडत नाही. दिवस मावळायच्या आत मोजून आत घ्या, खुराड्याला वरूनही जाळी किंवा पत्रा असू द्या, मेलेली कोंबडी उकिरड्यावर न टाकता तीन फूट खोल, चुना घालून पुरा. ठसे दिसले तर वनविभागाला कळवा.

आम्ही पुण्यात राहतो, महिन्यातून दोनदा गावी जाणार. चालेल ना?

नाही. आपोआप पाणी देणारी भांडी आणि आठवड्याचं खाद्य ठेवून कोंबड्या जगतील असं वाटतं, पण मे महिन्यात एका दुपारी कुंडं कोरडं पडलं तर संध्याकाळी सगळ्या मेलेल्या सापडतात. गावात रोज दोनदा येणारं माणूस ठरवा, त्याला अंडी आणि महिन्याचे पैसे दोन्ही द्या. असं माणूस मिळेपर्यंत परसात शेवगा, पपई आणि पश्चिमेला निंब लावून घ्या. पुढे कोंबड्या येतील तेव्हा सावली तयार असेल.